पाठीमागची उडी

जानेवारीत सकाळी जिम्नॅस्टिक्सच्या हॉलचं कुलूप काढलं की आधी गारठाच अंगावर येतो. रात्रभर पत्र्याखाली कोंडून राहिलेला असतो तो. मुली बार धरायच्या आधी त्याला एक बोट लावून बघतात, तापला तवा बघावा तसं. मी त्यांना पळायला लावते. पाय गरम झाले की तोंडं सुटतात. कुणाच्या घरी तीळ भाजले, कुणाच्या आईनं काळं लुगडं काढलं, कुणाच्या भावाचा हात मांजानं कापला. संक्रांतीचे दिवस. बाहेर विजेच्या तारेला अडकलेला पतंग वाऱ्यानं फडफडत असतो आणि त्याचा आवाज आतपर्यंत येतो.

याच दिवसांत दरवर्षी एखादी मुलगी बीमवर चढते, पाय जुळवते, हात वर करते आणि तिथंच थांबते. मागं झेपावायचं असतं. आम्ही त्याला फ्लिक म्हणतो. न बघता मागं झोकून द्यायचं, हातांवर टेकायचं आणि पाय डोक्यावरून नेऊन पुन्हा त्या चार बोटं रुंद लाकडावर उभं राहायचं. काल जमलेलं असतं, परवाही जमलेलं असतं, आणि आज शरीर जागचं हलत नाही. बघणाऱ्याला वाटतं, पोरगी आळस करतेय. मला तिच्या मानेकडं बघून कळतं, ती कान देऊन ऐकतेय. पाठीमागं काहीतरी आहे असं तिला वाटतंय. अशा वेळी मी ओरडत नाही. जाऊन तिच्याजवळ उभी राहते, आणि मग माझ्याच मानेवर, वेणीच्या खाली, थंडीनं चरचरल्यासारखं होतं.

मी सातवीत होते. आमचं पडेगाव तेव्हा शहरात आलेलं नव्हतं. दौलताबादच्या रस्त्याला पाच-पन्नास घरं, पलीकडं माळ, आणि माळावर आमच्या आज्याची मेंढरं. वडील मात्र मेंढरांमागं गेले नाहीत. वाळूजला एकामागून एक कंपन्या उभ्या राहत होत्या, त्यातल्या एकीत ते पत्रा दाबायच्या प्रेसवर लागले होते. आमच्या घरी खुंटीवर घोंगडीच्या शेजारी कंपनीचा निळा शर्ट लटकायला लागला होता. पहाटे कंपनीची बस रस्त्यावर हॉर्न द्यायची आणि आज्याची कुत्री तिच्यामागं भुंकत धावायची. वडील कमी बोलणारे. प्रेसच्या आवाजात दिवस काढून त्यांना बोलायची सवयच उरली नव्हती, असं आई म्हणायची. आज्याला कंपनी आवडत नव्हती, पण पगार आवडायचा.

मला हॉलमध्ये आणलं ते आमच्या सरांनी. शाळेच्या मैदानावर मी भिंतीवरून चालत होते, एवढंच त्यांनी पाहिलं होतं. माळावर दगडांवरून पळून पळून माझे पाय तयार झालेले होते, त्यात माझं काही कौतुक नव्हतं. हॉलमध्ये माझी जोडी लागली सुजाताशी. आम्ही एका वयाच्या, एका उंचीच्या. सर म्हणायचे, जोडीत एक उडी मारते तेव्हा दुसरीनं हात द्यायचा, आणि हात देणारीनं डोळे मिटायचे नाहीत. सुजाता राहायची विद्यापीठाच्या खालच्या अंगाला, त्यांच्या वस्तीत. तिचे वडील चिकलठाण्याला फिटर होते. तिच्या बोलण्यात ते सारखे यायचे. ‘अप्पा म्हणतात’ असं म्हणून तिचं वाक्य सुरू व्हायचं.

विद्यापीठाचं नाव बदलायचं की नाही, हा प्रश्न आमच्या जन्माआधीपासून पेटलेला. आम्ही त्याच्यातच वाढलो, जसं एखादं मूल आजाऱ्याच्या घरात वाढतं आणि हळू बोलायला आपोआप शिकतं. आमच्या घरी तो विषय निघाला की कुणीतरी उठून दार लावायचं. सुजाताच्या घरी तो विषय निघायचा नाही, कारण तो कधी संपतच नव्हता. त्या वर्षी थंडी पडायला लागली तसा तो पुन्हा वर आला. आमचा हॉल विद्यापीठाच्याच वाटेवर. गेटजवळ पोलिसांची गाडी उभी असायची, आणि आम्ही दोघी खांद्याला पिशव्या अडकवून तिच्या बाजूनं जायचो. सुजाता पावलं मोजून टाकल्यासारखी चालायची. एके दिवशी ती म्हणाली, ‘अप्पांना धरून नेलं.’ मी विचारलं, ‘कवा सोडतील?’ ती म्हणाली, ‘नाव झाल्यावर.’ मला वाटलं होतं ती दोन दिवस किंवा चार दिवस असं काही सांगेल.

त्याच आठवड्यात सरावाहून परतताना माझ्या बसवर दगड आला.

संध्याकाळ होती. सुजाता तिच्या थांब्यावर उतरली, खिडकीतून मला हात केला. बस पुढं निघाली. मी शेवटच्या बाकावर पाठीमागच्या काचेला टेकून बसले होते, तिथं झोप चांगली लागायची. मला दगड दिसला नाही, मारणारा दिसला नाही. नुसता आवाज आला, आणि मग मानेवर, पाठीत, फ्रॉकच्या आत काचा. कंडक्टरनं मला खाली दाबलं आणि ड्रायव्हरनं बस न थांबवता पळवली. लागलं फारसं नाही. आईनं चिमट्यानं काचा काढल्या, हळद भरली. आठवड्यात जखमा बसल्या. मी पुन्हा हॉलमध्ये गेले, बीमवर चढले, हात वर केले, आणि तिथंच राहिले.

सरांनी दोन-तीनदा पाहिलं. मग म्हणाले, ‘असू दे. तू पुढच्या उड्या कर.’ त्यांना वाटलं, दुखत असेल. ताश्कंदच्या शिबिरासाठी आमची निवड पावसाळ्यातच झाली होती, माझी त्याच फ्लिकवर झाली होती. राज्यातून मोजक्या मुली, त्यात आमच्या हॉलच्या दोघी. पासपोर्ट आले होते. आज्यानं गावभर सांगून झालं होतं. अशा वेळी मला मागं जाता येत नाही, हे कुणाला आणि कसं सांगायचं. फक्त सुजाताला माहीत होतं, कारण हात द्यायला तीच उभी असायची.

निघायच्या दिवशी औरंगाबाद स्टेशनवर दोन्ही घरची माणसं आली होती. मनमाडला जाऊन पुढं दिल्लीची गाडी धरायची होती. सुजाताची आई एकटीच आली होती. माझ्याकडून आई, वडील आणि भाऊकाका, माझे चुलते. काकांनी माझी मान वळवून जखम बघितली, बोटानं दाबली, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, ‘वस्ती मागं पडली आन् दगड आला. काचा फोडणारे कोण हायत ते सगळ्यांना ठावं हाय. आन् त्यांच्याच पोरीसंगं धाडायलेत हिला.’

सुजाता दोन हात अंतरावरच उभी होती. तिच्या आईनं पदर सावरला, तिची पेटी उचलली आणि तिला डब्याच्या दुसऱ्या दारानं आत नेलं. वडील रुळांकडं बघत होते. मी वाट पाहिली की ते काही बोलतील. गाडी सुटेपर्यंत वाट पाहिली.

दिल्लीपर्यंत सुजाता माझ्याशी बोलली नाही, विमानातही नाही. आयुष्यात पहिल्यांदा ढग वरून बघत होतो, आणि ते कुणाला दाखवायची सोय नव्हती. आमच्याबरोबर पुण्याच्या एक मॅडम होत्या, व्यवस्थापक म्हणून आलेल्या. सुजाता जेवत नाही हे त्यांच्या लक्षात आलं होतं. त्यांना वाटलं, पोरीला विमान लागलं. राहायच्या जागी आम्हा दोघींना एकच खोली मिळाली. मी आज्यानं दिलेली घोंगडी अंथरली तर सगळ्या खोलीला मेंढरांचा वास सुटला. एरवी सुजातानं त्यावर काहीतरी म्हटलं असतं. ती भिंतीकडं तोंड करून निजली.

सकाळी पडदा बाजूला केला तर बाहेर सगळं पांढरं. बर्फ आम्ही पुस्तकात पाहिलेला. पुस्तकात तो स्वच्छ असतो. हा रस्त्याच्या कडेला राखेसारखा, मळलेला होता, आणि त्यातून बायका डोक्याला रुमाल बांधून, खाली बघत, भराभर चालल्या होत्या. नाश्त्याला मोठी गोल भाकरी आली. वाढणारी बाई म्हणाली, नान. चहा बिनदुधाचा, बिनकानाच्या वाटीत, आणि त्या वाटीला तिथल्या बायका प्याला म्हणत होत्या. मी चमकले. आमच्या सिटी चौकातला चहावाला हेच म्हणतो. इतक्या लांब येऊन कानावर आपल्याच गावातले शब्द पडत होते, तरी मला धीर यायच्या ऐवजी आणखी भीती वाटली. वाटलं, मला मागं जाता येत नाही हे इथं लपणार नाही.

शिबिराचा हॉल आमच्या हॉलच्या चौपट. चार-चार बीम, खाली जाड गाद्या, हॉल उबदार ठेवायला भिंतीला गरम पाण्याचे नळ, आणि हातांना चोळायच्या पांढऱ्या पावडरीचा वास. तो वास मात्र अगदी आमचा. शिकवणाऱ्या बाई पन्नाशीच्या, ठेंगण्या, कपाळाला आठी. तिथल्या मुली त्यांना हाक मारत होत्या ते मला ‘आपा’ असं ऐकू आलं. आमच्याकडं मुसलमान घरातल्या मोठ्या बहिणीला जसं म्हणतात तसं. म्हणून आम्हीही आपाच म्हणू लागलो. मॅडमनी आम्हाला रांगेत उभं करून सांगितलं, ‘आज त्या सगळ्यांचं बघणार आहेत. ज्यांना मागच्या उड्या येतात त्या मोठ्या गटात. बाकीच्या लहान मुलींबरोबर. अहवाल इथूनच जाणार आहे, लक्षात ठेवा.’ लहान मुली म्हणजे खरंच लहान होत्या. सहा-सात वर्षांच्या, दात पडलेल्या. त्या एका कोपऱ्यात मांडी ठोकून आमच्याकडं टक लावून बसल्या होत्या.

माझ्या आधी सुजाताचा नंबर लागला. ती चढली, श्वास घेतला, मागं झेपावली, टेकली, उभी राहिली. जराही डुगडुगली नाही. ती दोन दिवस जेवली नव्हती, वडील कुठल्या कोठडीत आहेत हे तिला माहीत नव्हतं, आणि तिनं ते इतकं सरळ केलं की मला तिचा रागच आला. आपांनी मान हलवली आणि मला बोट केलं.

बीमला पाय लागला तेव्हा बरं वाटलं. चालले, वळले, पुढच्या उड्या झाल्या. मग आपांनी हवेत बोटानं उलटं वर्तुळ काढलं. मागं.

मी हात वर केले. हॉलमध्ये कुठंतरी नळ ठकठक करत होता. माझ्या मागं काय आहे ते मला पाठ होतं. गादी, मग दुसरा बीम, मग भिंत. तरी तिथं एक काच होती. मी हात खाली घेतले.

‘याना,’ आपा म्हणाल्या. पुन्हा, हे न सांगता कळलं.

पुन्हा हात वर. पुन्हा तेच. गुडघ्यांना कापरं भरलं, ते बीममध्ये उतरलं, आणि बीम टकटक वाजायला लागला. मॅडम जवळ येऊन हळू आवाजात म्हणाल्या, ‘मंगल, अगं निवडीच्या वेळी तर छान केलं होतंस. येतं ना तुला?’

‘येतं मॅडम.’

‘मग कर की.’

‘करते मॅडम.’

मी उभीच. कोपऱ्यातल्या लहान मुली एकमेकींना कोपरानं ढोसत होत्या. मी मनाशी ठरवलं की आता पडायचं, मुद्दाम, बाजूला पडायचं आणि पाय मुरगळला म्हणून सांगायचं. तेवढ्यात खालून सुजाताचा आवाज आला.

‘तिला भ्या वाटतंय मॅडम. मागनं बसवर दगड आल्ता. तवापासनं तिला मागं जाता येत नाय.’

इतक्या दिवसांनी ती बोलली, तर हे. मला तिला मारावंसं वाटलं, आणि त्याच वेळी पाय थांबले. कापायचे थांबले. बीम गप्प झाला.

मॅडमना ते आपांना सांगता येईना. इंग्रजी आपांना कळत नव्हतं. शेवटी मॅडमनी हातानं दगड मारल्यासारखं केलं, बोटं पसरून काच फुटल्यासारखं केलं, आणि माझ्या मानेकडं दाखवलं. आपांनी मला खाली उतरवलं. माझी वेणी उचलून बाजूला धरली आणि बघत राहिल्या. त्यांचा हात खरखरीत होता, सरांच्या हातासारखा. त्यांनी काही विचारलं नाही. कुणी मारला, का मारला, हे आमच्याकडं सगळे आधी विचारायचे. त्या मला जमिनीवर आखलेल्या एका रेघेपाशी घेऊन गेल्या. त्या एका बाजूला उभ्या राहिल्या, एक हात माझ्या कमरेमागं धरला, आणि दुसऱ्या बाजूला यायला सुजाताला खूण केली.

सुजाता आली. तिचा हात माझ्या पाठीला लागला आणि माझं अंग आपोआप चोरलं गेलं. इतकंसं. पण जोडीतल्या मुलीला ते कळतंच.

तिनं हात काढला. ‘माझा हात नको असंल तर तसं सांग.’

‘तसं नाय.’

‘मग कसं?’

‘काका बोलले ते…’

‘काकांचं सोड. तुला काय वाटतं ते सांग.’

मी खरं तेच सांगितलं. ‘मला कुणाचंच काय वाटत नाय. मला नुसता मागनं आवाज येतो.’

ती म्हणाली, ‘आमच्याबी पत्र्यावर आल्ते. त्याच आठवड्यात. आईनं आम्हाला पलंगाखाली घातलं.’

‘तू बोलली नाहीस.’

‘तू इचारलंस का?’

आपांना यातलं अक्षर कळत नव्हतं, पण त्या थांबल्या होत्या. आमचं झालं असं वाटल्यावर त्यांनी माझ्या कमरेवर थाप मारली. सुजातानं हात पुन्हा ठेवला. या वेळी घट्ट, पाचही बोटं लावून. मी डोळे मिटले, जे कधी करायचं नसतं, आणि मागं झोकून दिलं.

वाईट झाली ती उडी. वाकडी, अर्ध्यात आखडलेली. पाय भलतीकडं गेले आणि माझी टाच कशावर तरी आदळली. मी गादीवर पडले, उठून बघते तर सुजाता तोंड धरून बसलेली, आणि बोटांच्या फटीतून रक्त. मॅडम धावत आल्या. मला वाटलं, झालं. आता हिचा दात पडला, आता हिच्या आईला काय सांगायचं, काका म्हणाले त्याचं उट्टं मीच काढलं असं हिच्या वस्तीत म्हणतील. आपा दार उघडून बाहेर गेल्या आणि टॉवेलात बर्फ भरून घेऊन आल्या. तो सुजाताच्या ओठावर दाबला. दात शाबूत होते. ओठ फुटला होता.

मी म्हणाले, ‘सुजा, मी मुद्दाम नाय केलं.’

टॉवेलामागून तिनं माझ्याकडं पाहिलं. डोळ्यांत पाणी होतं, दुखण्याचं. ‘माहीत हाय,’ ती म्हणाली. ‘तू निम्म्यात थांबलीस म्हणून लागलं. थांबू नको ना.’ आणि मग, आपांसारखी आठी घालून, ‘याना.’

आपा हसल्या. त्या दिवसात पहिल्यांदा आणि शेवटच्यांदा.

टॉवेल एका हातात धरून सुजातानं दुसरा हात दिला. दुसरी उडी पहिलीपेक्षा बरी झाली. तिसरीला पाय रेघेवर आले. दुपारपर्यंत मी रेघेवर मागं जात होते, मोजत नव्हते. मग आपांनी मला गुडघाभर उंचीच्या बीमवर नेलं, तिथंही दोघींनी हात दिला, आणि तिथं एकदा झाली, एकदा नाही झाली. उंच बीमकडं मी बघितलं तर आपांनी मान हलवली आणि खिडकीबाहेर, उताराला लागलेल्या उन्हाकडं बोट दाखवलं. उद्या. मला मोठ्या गटात घेतलं की लहान, ते मॅडमनाही त्या दिवशी कळलं नाही.

आता या वयात मला वाटतं, भीती जाते कुठं? ती जात नाही. ती शिकाऊ पोरीसारखी आपल्याबरोबर राहते, आणि आपण काम करायला लागलो की गप्प बसते. उंच बीमवरची फ्लिक मला त्या शिबिरात जमली, पुढं स्पर्धांतही जमली. तरी एखाद्या सकाळी, विशेषतः थंडीत, हात वर केले की कान टवकारायचेच. सुजाताचा गुडघा गेला तेव्हा तिनं खेळ सोडला. आता ती परभणीला रेल्वेत आहे. तिच्या वरच्या ओठाला एक बारीक खूण आहे. लोक विचारतात तेव्हा ती सांगते, ‘परदेशात मिळाली.’

शिबिराच्या त्या पहिल्या संध्याकाळी मॅडमनी सुजाताच्या घरी फोन लावायचं ठरवलं. ती जेवत नाही, वर ओठ फुटलेला, त्यांना घोर लागला होता. आमच्या पडेगावला आसपास फोन नव्हता. सुजाताच्या गल्लीत एका किराणा दुकानात होता, त्याचा नंबर आईनं तिच्याकडून पाठ करून घेतला होता. राहायच्या जागी खाली पहारेकरणीच्या टेबलावर काळा फोन होता. मॅडमनी नंबर नोंदवला, आणि तो जोडून मिळेपर्यंत आम्ही तिथं बाकावर बसून राहिलो. बाहेर अंधारून आलं, पहारेकरणीनं दिवा लावला, आणि मग फोन वाजला.

सुजातानं दोन्ही हातांनी रिसीव्हर धरला. मी तिला चिकटून उभी. आधी नुसता गोंगाट ऐकू आला. माणसांचा, खूप माणसांचा. मग धडाधड आवाज. मी तिचा दंड धरला. म्हणाले, ‘सुरू झालं का गं तिकडं?’

तिनं मला गप्प केलं. ‘हॅलो. कोण? आई कुठंय?’ मग तिचा चेहराच बदलला. ‘अप्पा? तुम्ही सुटलात?’

‘कालच सोडलं,’ पलीकडून माणूस ओरडून बोलत होता, त्यामुळं मलाही ऐकू येत होतं. ‘हे फटाके हायत गं, भिऊ नको. झालं. नाव झालं. सकाळपास्नं समदी वस्ती रस्त्यावर हाय.’

सुजाता खाली फरशीवर बसली. रडली नाही, हसली नाही. नुसती बसली, जशी बीमवरून उतरल्यावर बसायची.

‘हॅलो, हैस का? जेवलीस का?’

‘नाय.’

‘का?’

‘जेवते आता.’ मग ओठाला बोट लावून, ‘ओठ फुटलाय माझा.’

‘कशानं?’

‘मंगलची टाच लागली.’

‘खेळात?’

‘व्हय.’

‘मंग असू दे. ती हाय का तिथं? दे तिला.’

मी रिसीव्हर कानाला लावला. अप्पांना मी तोवर फक्त हॉलच्या दारात पाहिलेलं, एकदा-दोनदा. मागं ढोल वाजत होते. ते म्हणाले, ‘पोरी, तुझे वडील आल्ते सकाळी.’

‘कुठं?’

‘इथं. घरी. सायकलवर आले पडेगावहून. म्हणले, फोन तुमच्या गल्लीत हाय, पोरींची काय खबर आली का. म्हणलं, अजून नाय, बसा. बसले. च्या घेतला. नीट वाटंला लावून दिलं आमच्या पोरांनी, गर्दी लई होती.’

त्या दिवसांत पडेगावचा कुणी माणूस त्या वस्तीत पाऊल टाकत नव्हता. आणि माझे वडील तिथं खाटेवर बसले होते, हातात कप होता.

‘उद्या त्यांच्याकडं जातो म्हणलोय मी,’ अप्पा म्हणाले. ‘काय सांगू तुझं?’

मी म्हणाले, ‘त्यांना सांगा, मागची उडी जमली म्हणावं. जमिनीवर जमली. वर अजून नाय.’

‘जमिनीवर जमली, वर अजून नाय,’ त्यांनी निरोप घोकावा तसं म्हटलं, आणि फोन कटला.

पुढचं मला घरी परतल्यावर आईकडून कळलं. दुसऱ्या दिवशी अप्पा खरंच पडेगावला आले. दारात उभं राहून त्यांनी तो निरोप शब्दाला शब्द सांगितला. वडलांनी दोनदा विचारलं, ‘जमिनीवर म्हणजी पडली तर नाय ना?’ अप्पा म्हणाले, ‘नाय, उभी हाय.’ आईनं त्यांना आत बोलावलं. भाऊकाका ओसरीवर बसले होते, ते उठून मेंढरांकडं निघून गेले. चहा झाला. मग वडील पायात चप्पल सरकवून अप्पांबरोबर चालत डांबरी रस्त्यापर्यंत गेले, आणि बस येईपर्यंत तिथं उभे राहिले.